बावडा नदीकडून लिही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कोल्हापुरातल्या कसबा बावड्यावरचा तुझा मसुदा वाचला. सुरुवात न्यू पॅलेसपासून केलीस. 1884 साली पूर्ण झालेला तो वाडा बावड्याच्या रस्त्यावर आहे हे खरं, पण तिथून लिहायला बसलं की बावडा नुसता राजवाड्यापलीकडचा भाग होऊन बसतो. माझं ऐक, पंचगंगेकडून सुरुवात कर.

शहर वसलं तेही नदीमुळेच. नदीकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं. सातवाहनकाळातली वस्ती तिथे सापडली. तिथलीच समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे, ती बघून ये. पण त्यात फार अडकू नकोस, तुझा विषय बावडा आहे.

मग पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर जा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात तो हाच प्रकार. दगडी खांब, आणि खांबांच्या खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचं, पुढचा पाऊस लागायच्या आत ते काढून नदी मोकळी सोडायची. नदीच्या या पाण्यावर ऊस वाढला, उसावर गुऱ्हाळं चालली, बावड्यातच राजाराम साखर कारखाना उभा राहिला. महापालिकेच्या हद्दीत येऊनही बावडा मनानं गावच राहिला, याचं मूळ मला तरी या शेतीत दिसतं. हा भाग तू एका ओळीत उरकलास. तो सविस्तर यायला हवा.

पंचगंगेची पातळीही याच बंधाऱ्यापाशी मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आकडे कुठेही मिळतील. तू गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, पाणी कुठल्या पायरीला लागलं, जनावरं कुठं हलवली, पहिला निरोप कुणी दिला. बंधारा बुडाला की त्यावरून पलीकडच्या वडणगे गावाला जाणारी वाट बंद होते, तेव्हा पैलतीरावरच्या सोयऱ्यांचं काय होतं, तेही विचार. आणि जयंती नाल्याचं सांडपाणी नदीत मिसळतं, ते गाळू नकोस. नदीवर माया असेल तर तिचे हालही लिहावे लागतात.

मे संपायच्या आत जा. बरगे काढणारी माणसं तेव्हा तिथे भेटतील. आधी त्यांचं काम होऊ दे, मग बोल, आणि नाव छापणार असशील तर त्यांना विचारून छाप.

तुझे सर