रात्री दहापर्यंत कराटे, मग झोपायचं कधी?

‘क्लास दहाला सुटतो, अंग पार मोडून येतं आणि तरी दीड-दोनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. क्लास सोडून देऊ का?’ कराटे, ज्युडो, किकबॉक्सिंग करणारी नोकरदार माणसं समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न हमखास घेऊन येतात. ‘मग सकाळी करा की व्यायाम,’ हा सल्ला त्यांना घरचे, शेजारचे आणि ऑफिसातले सगळे फुकट देतात. पण शाळेचा हॉल लहान मुलांच्या बॅचेस संपल्यावर साडेआठला रिकामा होतो, सर तेव्हाच शिकवतात आणि समोर लढायला माणूस तेव्हाच मिळतो. सकाळी गच्चीवर एकट्याने काता (ठरलेल्या हालचालींचा सराव) होईल, कुमिते (समोरासमोरची लढत) कुणाशी करणार?

कल्याणचे एक गृहस्थ, वय त्रेचाळीस, मुंबईत अकाउंट्स खात्यात नोकरीला. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.) मुलाला कराटेला घातलं तेव्हा त्याला सोबत म्हणून हेही उभे राहिले. मुलगा यलो बेल्टनंतर कंटाळून क्रिकेटकडे वळला, बाबा मात्र ब्राउन बेल्टपर्यंत पोचले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेआठ ते दहा. तक्रार घेऊन आल्या त्या खरं तर त्यांच्या पत्नी. ‘मॅडम, या वयात लाथा खायची हौस असेल तर खा म्हणावं. पण दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभ्याउभ्या झोपतात, एखाद्या दिवशी पडतील.’

मी आधी झोपेची वही लिहायला सांगितली. कधी पडलो, साधारण कधी झोप लागली, कधी उठलो, संध्याकाळी काय खाल्लं-प्यायलं, एवढंच. घड्याळ बघत बसायचं नाही, सकाळी अंदाजाने लिहायचं. वही पाहिली आणि निम्मं उत्तर तिथेच मिळालं: सोमवार, बुधवार, शुक्रवार हा माणूस अकराला पडतो आणि थोड्याच वेळात घोरायला लागतो. आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त, हे निद्रानाशाचं मोजमाप कागदोपत्री त्यांना लागूही पडलं असतं. पण तिन्ही रात्री क्लासच्याच. झोपेचं यंत्र बिघडलेलं नव्हतं.

मग क्लासच्या दिवसाची संध्याकाळ तासातासाने विचारत गेले. ऑफिसातून थेट क्लास. आठच्या सुमारास, थकवा जाणवू नये म्हणून, जिममधल्या मित्राने सुचवलेली प्री-वर्कआउट पावडर. डबा त्यांनी बॅगेतून काढून दाखवला. मागच्या बारीक अक्षरांत एका मापाला २०० मिलिग्रॅम कॅफीन. ते वाचायला त्यांना चष्मा लागला आणि वाचून झाल्यावर ते गप्प बसले. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच-सहा तास जातात, म्हणजे रात्री एकला निम्मं तरी शिल्लकच. बाई चहावर संशय घेत होत्या, पण क्लासआधीची ती कटिंग त्या मानाने बिचारी.

सव्वादहाला घरी. ‘अंग तापलेलं असतं’ म्हणून गार पाण्याची आंघोळ. मग पूर्ण जेवण, उसळ-पोळी-भात, वर दोन-तीन तांबे पाणी. अकराला अंथरुणात, कारण सकाळी साडेपाचला उठायचं. हातात मोबाईल, कारण क्लासच्या ग्रुपवर त्या दिवशीच्या कुमितेचे व्हिडिओ पडलेले असतात.

इथे थोडं शरीराचं गणित. झोप यायला शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. दीड तासाच्या दमदार सरावाने ते चढतं, नाडी वाढते, आणि समोरून लाथ येत असताना शरीर ज्या सावध अवस्थेत जातं ती शेवटी ‘रेई’ (नमस्कार) म्हणून वाकलं की लगेच संपत नाही. थकवा आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशा लोकांना पटवायला वेळ लागतो.

संध्याकाळचा व्यायाम सरसकट वाईट, असं मात्र नाही. २०१९ मध्ये तेवीस प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला होता. संध्याकाळच्या व्यायामाने झोप एकूण बिघडत नाही, फक्त जोरकस व्यायाम झोपेच्या तासाभरात संपला तर त्रास होऊ शकतो, असं त्यात दिसलं. २०२५ मध्ये सुमारे पंधरा हजार लोकांच्या मनगटी पट्ट्यांच्या नोंदींवरून झालेला अभ्यास जास्त कडक आहे: व्यायाम जितका जोरकस आणि झोपेच्या जितका जवळ, तितकी झोप उशिरा लागते, चार तास आधी संपवला तर फरक दिसत नाही. हे ऐकून गृहस्थ म्हणाले, ‘म्हणजे मी दोनला झोपायचं?’ हिशोबाचा माणूस, चुकीचं काही बोलत नव्हता. पण अशा नोंदी लाखो रात्रींची सरासरी सांगतात, त्यावरून एका घराचं वेळापत्रक ठरत नाही. त्यातून घ्यायचं ते एवढंच की जोर किती लावायचा आणि त्यातला शेवटी किती ठेवायचा, हे दोन्ही आपल्याला थोडं हलवता येतं.

मी त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती ऐकून दोघंही माझ्याकडे बघत राहिले: क्लासच्या रात्री बाराच्या आधी अंथरुणात जायचं नाही. पत्नी म्हणाल्या, ‘अहो मॅडम, आधीच झोप नाही, त्यात आणखी उशिरा?’ पण अकरा ते दीड ते तसेही जागेच होते, फक्त आडवे पडून, चिडून, ‘आता चारच तास उरले’ अशी वजाबाकी करत. अंथरुणात जागं राहायची सवय लागली की अंथरूण पाहूनच मन जागं होतं. झोप आली की पडायचं, नाही लागली तर उठून बाहेर बसायचं, सकाळची वेळ बदलायची नाही, हा उपाय मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला आणि आजही निद्रानाशाच्या बिनगोळ्यांच्या उपचाराचा तो कणा आहे. झोप कमी पडणार होतीच, म्हणून दोन तडजोडी केल्या. अर्ध्या तासाने उशिराची लोकल, त्यामुळे रोज सहाला उठणं; आणि बिनक्लासच्या रात्री पावणेअकराला दिवे बंद. मोठ्या माणसाला सात तास तरी हवेत, ते क्लासच्या रात्री मिळणार नाहीत, हे मी स्पष्ट सांगितलं.

बाकीचं सोपं होतं. पावडर बंद. साडेसहाला ऑफिसातच पोळी-भाजी, घरी आल्यावर दहीभात नाहीतर मुगाची खिचडी. पाणी क्लासमध्येच घोट-घोट, नाहीतर तीनला लघवीला उठावं लागतं. आंघोळ गारऐवजी चांगल्या कोमट पाण्याची. हे उलटं वाटतं, पण गार पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, कोमट पाण्याने मोकळ्या होतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. झोपेच्या तास-दोन तास आधी दहा मिनिटं पुरतात.

एवढं करूनही मंगळवार सुधारला आणि गुरुवार नाही. वहीत गुरुवारपुढे एकच शब्द सारखा येत होता: ‘काका’.

गुरुवारी कुमितेला समोर येतो एक एकोणीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा मुलगा. त्याची मावाशी गेरी, म्हणजे गोल फिरवून मारलेली लाथ, या गृहस्थांच्या कानाजवळ येऊन थांबते आणि पाठोपाठ तो म्हणतो, ‘सॉरी काका.’ लाथ लागत नाही, काका लागतं. मग रात्री व्हिडिओ हळू वेगाने पुन्हापुन्हा: पाय उचलला तेव्हा खांदा आधी वळला होता का, मला दिसलं कसं नाही, वय झालं का. ग्रेडिंग (पुढच्या बेल्टची परीक्षा) तोंडावर, मुलगा घरात ‘बाबा, जिंकलात का?’ विचारणारा. यातला व्यायामाचा भाग थोडाच होता, आणि त्यावर आम्ही झोपेपेक्षा जास्त वेळ बोललो.

व्हिडिओ दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये बघायचा, असं ठरलं. घरी आल्यावर पाच मिनिटं वहीत लिहायचं, पण काय झालं ते नाही; पुढच्या क्लासला काय करायचं ते. हा भेद मी हौसेने करत नाही. झोपण्याआधी उद्याची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागल्याचं एका प्रयोगशाळेतल्या अभ्यासात दिसलं आहे. त्यांची पहिली नोंद होती: ‘डावा गार्ड वर. खांद्याकडे बघ.’ त्या मुलालाही त्यांनी सांगून टाकलं, मॅटवर काका म्हणू नकोस. तो आता ‘सॉरी सर’ म्हणतो. ते जास्त वाईट वाटतं म्हणाले, पण हसून.

सरांशीही ते बोलले. कुमिते आधी, काता नंतर आणि शेवटी मोकुसो (डोळे मिटून शांत बसणं) जरा सावकाश, असा क्रम मंगळवार-गुरुवारपुरता सरांनी मान्य केला. बऱ्याच क्लासमध्ये मोकुसो म्हणजे डोळे मिटून घाईने दहा अंक मोजणं असतं. तो वेळ श्वास खाली आणण्यासाठीच ठेवलेला आहे, तो पुरता घ्यावा.

एक गोष्ट मी अशा प्रत्येकाला विचारते आणि तुम्हीही स्वतःला विचारा: डोक्याला मार बसल्यानंतर झोप बदलली का? डोकं दुखणं, मळमळ, उजेड सहन न होणं किंवा नेहमीपेक्षा फार जास्त झोप येणं यातलं काहीही असेल तर समुपदेशकाकडे नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचं आणि लढत बंद ठेवायची. त्यांचं घोरणंही मी तपासून घ्यायला लावलं. श्वास मध्येच थांबत असेल तर वरचे सगळे उपाय वाया जातात. त्यांच्या बाबतीत तसं काही निघालं नाही. सर्दीची गोळी झोपेसाठी घ्यायची सवय होती, तीही डॉक्टरांना विचारून सोडली.

आता मंगळवार-गुरुवारी बारा-साडेबाराला झोप लागते. शनिवारी मात्र ग्रेडिंगची तयारी शेवटपर्यंत चालते आणि एक वाजतोच. तो आम्ही तसाच सोडून दिला आहे. अट एकच, रविवारी साडेनऊपर्यंत लोळायचं नाही, सातला उठून दूध आणायला यांनीच जायचं. ही अट माझी नाही, बाईंची.