पानगळीच्या थीमच्या शुगर कुकीजवर रॉयल आयसिंगचे रंग एकमेकांत का पसरतात, आणि खड्डे का पडतात?

मेपलच्या पानावर तीन रंग घातले की त्यांचा चिखल होतो, भोपळ्याच्या देठाचा हिरवा रंग रात्रीतून नारिंगीत उतरतो आणि ओकच्या फळासारख्या बारीक आकारांत खड्डे पडतात, असं तुम्ही विचारलं आहे. बहुतेक वेळा या तिन्हींचं मूळ एकच असतं: आयसिंग पातळ झालेलं असतं. त्यामुळे नवे रंग विकत आणण्याआधी पाणी मोजायला लागा.

मी धरते ते प्रमाण असं: 450 ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, 3 टेबलस्पून मेरँग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्या भागाची पूड) आणि 75 ते 90 मिली कोमट पाणी. आधी 75 मिलीच घाला. भांडं आणि बीटर अगदी कोरडे, तेलाचा अंश नसलेले हवेत. जराही स्निग्धपणा राहिला तर मिश्रण फुलत नाही, नुसतं चकचकीत आणि ढिलं राहतं. मंद ते मध्यम गतीवर साधारण 5 मिनिटं फेटा. चमक जाऊन, बीटर उचलल्यावर आयसिंगचं टोक उभं राहिलं की थांबा. जोरात फेटलं तर हवा भरते, मग बुडबुडेही येतात आणि वाळलेलं आयसिंग ठिसूळ होतं. मेरँग पावडरऐवजी अंड्याचा पांढरा भाग घेणार असाल तर पाश्चराइज्डच घ्या. वाटीतल्या आयसिंगवर सतत ओलसर फडकं झाकून ठेवा, नाहीतर वर पापुद्रा धरतो आणि त्याचे कण आयसिंगच्या पिशवीच्या नोझलमध्ये अडकतात.

आता रंग. जेल कलरच वापरा, पातळ द्रव रंग नकोत. बाटलीतला भडक नारिंगी किंवा लाल तसाच घातला तर कुकी पानगळीची न दिसता वाढदिवसाची दिसते. पिवळ्यात तपकिरीचा ठिपका घातला की मोहरी रंग येतो, नारिंगीत थोडा जास्त तपकिरी घातला की विटकरी, लालमध्ये तपकिरी घातला की मरून, आणि हिरव्यात जरासा नारिंगी घातला की शेवाळी. सगळ्यांत एकच तपकिरी वापरला की ताटातल्या कुकीज एका कुळातल्या वाटतात. हवी त्यापेक्षा एक-दोन छटा फिकी ठेवून आयसिंग घट्ट झाकणाच्या डब्यात काही तास, शक्यतो रात्रभर ठेवा. रंग आपोआप गडद होतो. सकाळी तळाशी पाणी सुटलेलं दिसेल, हाताने ढवळून घ्या. मरून लगेच गडद व्हावा म्हणून जेल ओतत राहिलात, तर ते आयसिंग नीट वाळत नाही आणि शेजारच्या रंगात उतरतं.

पातळ करण्याचं काम रंगानंतर करा, कारण जेलनेही आयसिंग सैल होतं. पाणी चमच्याने नको, स्प्रेच्या बाटलीने घाला. सुरीने मध्ये रेघ ओढा आणि ती किती सेकंदांत बुजते ते मोजा. कडेच्या रेषेसाठी 20 ते 25 सेकंद, आतल्या भरावासाठी 12 ते 15. 8 सेकंदांच्या खाली गेलं तर ते कुकीवर घालूच नका, डब्यातलं घट्ट आयसिंग मिसळून आधी सुधारा. पानाच्या शिरा आणि देठासाठी टूथपेस्टइतकं घट्ट हवं.

मेपलच्या पानात तिन्ही रंगांची घनता अगदी सारखी हवी. एकच जरी पातळ असला तरी तो बाकीच्यांना गिळतो. एका वेळी एकच कुकी घ्या. कड काढा, मध्यभागी मोहरी, त्याभोवती विटकरी आणि टोकांना मरून भरा, आणि लगेच सुईने टोकाकडून मध्याकडे ओढा. प्रत्येक ओढीनंतर सुई पुसायची. एका टोकाला एकच ओढ पुरे. चिखल होतो तो इथेच, अजून थोडं सुंदर करू म्हणून ढवळत राहिल्याने. शिरा सपाट हव्या असतील तर आयसिंग ओलं असतानाच भरावाच्याच घनतेच्या आयसिंगने काढा, उठावदार हव्या असतील तर पान पूर्ण वाळल्यावर घट्ट आयसिंगने.

भोपळ्याला एकाआड एक फाक भरा, 20 ते 30 मिनिटं थांबा, मग मधल्या फाका भरा. सगळ्या एकदम भरल्या तर त्या एकमेकींत मिळतात आणि सपाट नारिंगी गोळा उरतो. देठ सर्वांत शेवटी, खालचा भाग 6 ते 8 तास वाळल्यावर.

खड्ड्यांचं कारण असं: लहान जागेत पातळ आयसिंगचा वरचा थर हळू धरतो आणि तोवर खालचं वजनाने बसतं. म्हणून ओकच्या फळाच्या टोपीत आधी घट्ट आयसिंगची नागमोडी रेघ घालून आधार करा, वर 18 ते 20 सेकंदांचं आयसिंग भरा, आणि भरल्या भरल्या कुकी टेबलफॅनच्या हलक्या वाऱ्यात ठेवा. पहिला तास महत्त्वाचा. वर पापुद्रा लवकर आला की खड्डा पडत नाही, चमकही टिकते.

वाळवायला उघड्यावर 8 ते 12 तास द्या, दमट हवेत त्याहून जास्त. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर कुकीवर दव धरतं आणि गडद रंग पुन्हा पसरू लागतात. ओलसर असतानाच डबा बंद केला तरी तेच होतं. तेलकट डाग मात्र वेगळे: ते कुकीतल्या लोण्याचे असतात, म्हणून कुकी पूर्ण गार झाल्यावरच आयसिंगला हात लावा.

झालेला खड्डा घट्ट आयसिंगने भरून ओल्या ब्रशने सपाट करता येतो. पसरलेला रंग परत गोळा होत नाही, पण त्यावरून मरून रंगाची एक जाड शीर ओढली तर तो झाकला जातो.