शाळेला ‘क’ मिळाली, आता मुलीचं काय?

दर जूनमध्ये हा प्रश्न माझ्या कणकवलीच्या समुपदेशनाच्या खोलीत येतो. विचारणारे बदलतात. कधी मुंबईहून परत आलेलं जोडपं, कधी आजोबा, बहुतेक वेळा आई. जिल्हा परिषदेच्या शाळेची श्रेणी कुठूनतरी कळलेली असते, मग वाडीत चर्चा, भावकीत टोमणे, आणि रात्री झोप नाही. ही त्यांतल्याच एका आईची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

देवगड तालुक्यातली. मुलगी तिसरीत. दिराची मुलं व्हॅननं अठरा किलोमीटरवर इंग्रजी माध्यमात जात होती.

“मॅडम, आमच्या शाळेक ‘क’ मिळाली हा. चेडवाचा काय होतला?”

पहिल्या भेटीत मी समजावत बसले. (अठरा वर्षांनंतरही ही खोड जात नाही.) ती श्रेणी ‘शाळासिद्धी’ या शाळांच्या मूल्यमापनातून आलेली, त्यात 7 क्षेत्रं आणि 46 मानकं असायची. त्यांत मुलांच्या प्रगतीसोबत इमारत, पाणी, ग्रंथालय, शाळेचं व्यवस्थापन, गावाचा सहभागही यायचा. बरीचशी माहिती शाळाच भरायची, त्यामुळे एखादा मुख्याध्यापक प्रामाणिक असला म्हणूनही श्रेणी घसरायची. तिसरीत मुलं किती, असं विचारलं. चार. म्हणजे चाचणीच्या दिवशी एकाला ताप आला की वर्गाचे पंचवीस टक्के घरी झोपलेले! इतक्या लहान पटावर टक्केवारी म्हणजे भरतीतली होडी. आणखी एक सांगितलं. कोकण विभागीय मंडळ 2012 मध्ये वेगळं झालं, तेव्हापासून दहावीच्या निकालात कोकण राज्यात वर असतो. त्या निकालातली कितीतरी मुलं अशाच वाडीवरच्या शाळांतून गेलेली.

तिनं सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि जाताना विचारलं, “मग नाव काढू की नको?”

माझं सगळं बोलणं वाया गेलं होतं. ज्या गोष्टीनं तिला झोप येत नव्हती, ती त्या अहवालात नव्हतीच.

दुसऱ्या भेटीत मी कमी बोलले. तिचं स्वतःचं शिक्षण कुठं झालं, एवढंच विचारलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. माहेर खालच्याच वाडीत. शाळा हीच.

“मग ‘क’ नेमकी कुणाला मिळाली?”

बराच वेळ गेला. खाली रिक्षावाल्यांचं भांडण सुरू होऊन संपलं.

“माकाच,” ती म्हणाली.

त्या एका शब्दासाठी मी दोन भेटी वाट पाहिली होती. दहावीला गणितात गेलेली, पुढं लग्न, जाऊबाई पदवीधर. शाळेवर पडलेला शिक्का तिनं कपाळावर घेतला होता, आणि आता तोच मुलीच्या कपाळावर दिसत होता. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराला मानणारी. माणसाच्या वागण्याला, कामाला खुशाल गुण द्या, पण अख्ख्या माणसाला एकच गुण देऊ नका, हे एलिस आयुष्यभर सांगत राहिले. त्या दुपारी मला वाटलं, शाळेलाही हेच लागू आहे. एका अक्षरात शाळा मावत नाही. तरीही त्या अक्षरामागच्या एकेका कामाला गुण देता येतात, द्यायलाच हवेत. “श्रेणीकडे लक्ष देऊ नका” असं म्हणणारे मला म्हणूनच पटत नाहीत.

ती बचतगटाचा हिशेब ठेवायची. अकरा वर्षांत एक रुपया इकडचा तिकडं नाही. बेरीज-वजाबाकी शिकलात कुठं, असं विचारल्यावर पहिल्यांदा हसली. म्हटलं, पुढच्या वेळी मुलीची गणिताची वही आणा. गटाची वही तपासता तशीच ही आपण तपासू.

वहीला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर होतं. 52 वजा 27, उत्तर 35. 61 वजा 38, उत्तर 37. खाली शाळेतल्या बाईंची सही आणि तारीख, चूक कुठं ते नाही. मी गप्प बसले. तिचं बोट एकेका उदाहरणावरून सरकत तळाशी पोचलं.

“हातचो घेतल्यानच नाय. मोठ्यातसून बारको काढल्यान, सगळ्यांत तसाच.”

नऊ उदाहरणं, एकच चूक. गणितात नापास झालेल्या आईनं ती मिनिटभरात पकडली. मुलगी ढ नव्हती, तिला फक्त दहाची मोळी सोडायची माहीत नव्हती. घरी गेल्यावर आईनं करवंट्यांत दहा-दहा काजूबिया भरल्या आणि सात देण्यासाठी एक करवंटी उपडी करायला लावली.

मग बाईंना भेटायचं ठरलं. भांडायला जायचं नाही, ही वही घेऊन जायचं. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यांतले एक सतत प्रशिक्षणाला, अशा शाळेत त्या बाईंनाही कुणीतरी शांतपणे विचारायला हवं होतं.

मी पालकांना हेच सांगते. नुसती श्रेणी ऐकू नका, अहवाल मागून बघा, कुठल्या मानकाला खालचा स्तर आहे ते वाचा. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात, तेव्हा विचारणं हा आगाऊपणा नव्हे. घरी पाठ्यपुस्तकाबाहेरचं एखादं पान वाचून घ्या आणि गोष्ट मुलाच्या शब्दांत विचारा. पाठ्यपुस्तक मुलांना पाठ असतं. तिसरी संपेपर्यंत समजून वाचता आणि साधी गणितं करता यावीत, हेच 2021 च्या निपुण भारत अभियानाचंही उद्दिष्ट आहे. मूल शाळेला घाबरत असेल, मार खात असेल, किंवा वर्षभर सांगूनही शिक्षक ऐकत नसतील, तर शाळा बदला, आणि अपराधी वाटून घेऊ नका. जाऊबाईंची मुलं व्हॅनमधून जातात, एवढ्यासाठी मात्र बदलू नका. पाचवीत तुमची मुलगी त्याच व्हॅनमध्ये बसली तरी हरकत नाही, तो निर्णय तेव्हाचा.

गणपतीनंतर ती परत आली, ठरलेली भेट नसताना. मुलगी अजून अडखळते, पण दहा मोडते. अहवालाची झेरॉक्स तिनं पिशवीतून काढली. खालच्या स्तरातल्या एका मानकावर पेनानं गोल केला होता: मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही. टाकी दोन वर्षांपूर्वीच बसवलेली. समितीत तिचं नाव घातलंय, अध्यक्ष व्हा म्हणतात.

“मग?”

“म्हटलय, आधी टाकीतला पाणी खय जाता ता दाखवा.”