वाचकांचे प्रश्न : घाव घालण्यापूर्वी शत्रू ओळखावा

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे नाशिक शहरातील आहेत आणि चौघांचाही विषय एकच आहे: कल्पनारम्य रोल-प्लेइंग गेममध्ये निरनिराळ्या राक्षसांशी लढावे कसे? पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी कॉलेज रोड परिसरात राहतो आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. ‘द विचर ३’ नुकताच खेळायला घेतला आहे. लुटारू आणि लांडगे यांचा मला त्रास होत नाही. परंतु पहिल्याच परिसरात, ओसाड खेड्यातील विहिरीपाशी जी नूनरेथ (भर दुपारी भटकणारे स्त्री-पिशाच) प्रकट होते, तिच्यावर कितीही वार केले तरी तिची हेल्थ, म्हणजे जीवनशक्ती, जेमतेम कमी होते. माझी लेव्हल अपुरी आहे का?

उत्तर : लेव्हल वाढवल्याने थोडी मदत होईल, पण तुमची खरी अडचण ती नाही. लुटारूंवर जी पद्धत यशस्वी झाली तीच तुम्ही एका पिशाचावर वापरत आहात, आणि २०१५ साली आलेल्या या गेमची सगळी रचनाच अशी आहे की एका शत्रूवर चाललेली युक्ती दुसऱ्यावर चालू नये. नायक गेराल्ट पाठीवर दोन तलवारी बाळगतो. पोलादी तलवार माणसे आणि जनावरे यांच्यासाठी, तर चांदीची राक्षसांसाठी. नूनरेथसमोर चांदीची तलवार हाती असली तरी तेवढ्याने भागत नाही, कारण तिला बहुतेक वेळ देहच नसतो. ज्याला शरीर नाही त्याला पाते कुठे लागणार?

म्हणून तिला आधी शरीर धारण करायला भाग पाडावे लागते. गेराल्टच्या पाच मंत्रखुणांपैकी ‘यर्डेन’ ही खूण जमिनीवर एक वर्तुळ आखते, आणि त्या वर्तुळात शिरलेली नूनरेथ मंदावते व तिचा देह घनरूप होतो. तेवढ्या अवधीतच तिच्यावर भराभर वार करावेत. वर्तुळ विरले की मागे सरावे, शक्ती भरून येऊ द्यावी आणि पुन्हा वर्तुळ आखावे. तिच्या मागे धावत जाऊ नये. तिला आपल्या वर्तुळात येऊ द्यावे. ‘मून डस्ट’ हा बॉम्ब हाताशी असेल तर तोही तिला देहात अडकवतो. लढाईच्या मध्यावर ती स्वतःच्या प्रतिमा उभ्या करते. त्या दिसताच मूळ शत्रूचा नाद सोडून आधी त्या प्रतिमा नाहीशा कराव्यात. लढाईपूर्वी तलवारीला पिशाचवर्गासाठीचे तेल लावायला विसरू नये. पुष्कळ नवे खेळाडू तेलांकडे दुर्लक्ष करतात, हे मला फार खटकते, कारण तेल एकदा तयार केले की ते पुन्हा पुन्हा वापरता येते आणि प्रत्येक वाराचे बळ वाढवते.

हे सगळे गेम तुमच्यापासून लपवून ठेवत नाही. मेनूतील बेस्टियरी या विभागात प्रत्येक राक्षसाचे वर्णन असते आणि त्याच्यावर कोणते तेल, कोणता बॉम्ब व कोणती खूण चालते, हेही तेथे नोंदवलेले असते. काही नोंदी शत्रूला हरवल्यावर उघडतात, तर काही दुकानांत मिळणारी पुस्तके वाचल्यावर. तेव्हा सुरुवातीचे थोडे पैसे नव्या चिलखताऐवजी अशा पुस्तकांवर खर्च करावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पाण्याकाठी टोळीने येणारे ड्राउनर हे राक्षस आगीला भितात, म्हणून तेथे ‘इग्नी’ ही आगीची खूण वापरावी. रॉटफिंड हा प्रेतभक्षक राक्षस मरताना फुटतो, म्हणून त्याची हेल्थ संपत आली की लांब व्हावे. याच परिसराच्या शेवटी येणारा ग्रिफिन हा पंखधारी राक्षस हवेत असताना तलवार निरुपयोगी ठरते. त्याला क्रॉसबोच्या बाणाने किंवा ‘आर्ड’ या खुणेच्या धक्क्याने खाली पाडावे आणि जमिनीवर आदळल्यावरच त्याच्यावर तुटून पडावे.

आणखी एक गोष्ट. तुम्ही वरच्या दोन काठिण्यपातळ्यांपैकी एखादी निवडली असेल, तर ध्यानाला बसल्याने हेल्थ भरून येत नाही. अशा वेळी खाण्याचे पदार्थ जपून ठेवावेत.

प्रश्न : इंदिरानगरहून लिहीत आहे. ‘एल्डन रिंग’मधील मार्गिट या पहिल्या मोठ्या बॉसपुढे, म्हणजे टप्प्याच्या प्रमुख शत्रूपुढे, माझे काहीच चालत नाही. त्याने काठी उगारताच मी लोळण घेते, तरीही घाव बसतो. माझा कंट्रोलर उशिरा प्रतिसाद देतो की काय, अशी शंका येऊ लागली आहे.

उत्तर : कंट्रोलर निर्दोष असावा. उगारताच लोळण घेता, असे आपणच लिहिले आहे, आणि घाव नेमका त्यामुळेच बसतो. मार्गिट हात वर नेतो आणि तेथे क्षणभर थांबतो. घाबरलेला खेळाडू त्या क्षणी लोळण घेऊन मोकळा होतो, आणि तो उठून उभा राहत असतानाच काठी खाली येते. या बॉसची आखणीच घाईने लोळण घेणाऱ्याला पकडण्यासाठी झाली आहे. म्हणून हात वर जाताना काहीही करू नये. तो खाली यायला लागला की लोळण घ्यावी, आणि तीही मागे नव्हे, तर त्याच्या अंगालगत, बाजूने किंवा पाठीमागे जाईल अशी. मागे सरकणाऱ्याला त्याची लांब काठी हमखास गाठते. त्याच्यासमोर, थोड्या अंतरावर उभे राहून औषध पिऊ नये, कारण तो तत्क्षणी प्रकाशाची कट्यार फेकतो. त्याचा एखादा लांबलचक हल्ला संपला की मगच प्यावे.

त्याची हेल्थ बरीच खाली आली की तो प्रकाशाचा मोठा हातोडाही काढतो आणि लढाईची लय बदलते. पूर्वार्धात जमलेली सवय उत्तरार्धात आपल्याला दगा देते. सप्तशृंगगडावर जाणाऱ्या नाशिककरांना महिषासुराची कथा सांगायला नको: तो रेडा, सिंह, खड्गधारी पुरुष, हत्ती अशी रूपे पालटत राहिला, आणि देवीने रेड्याला पाशाने बांधले, पुरुषरूपावर बाण सोडले, हत्तीची सोंड खड्गाने छाटली. रूप पालटणाऱ्या बॉसशी असेच लढावे लागते. उत्तरार्ध ही नवी लढाई आहे असे समजून पहिली काही मिनिटे केवळ चुकवण्यात घालवावीत आणि एकही वार करू नये. तो प्रयत्न हरलात तरी त्यातून पुढच्या प्रयत्नाची तयारी होते.

मार्गिटपाशी लगेच जाण्याची सक्तीही नाही. दक्षिणेकडील वीपिंग पेनिन्सुला हा भाग आधी फिरून यावा, तेथे आणि लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशात सापडणाऱ्या स्मिदिंग स्टोन या दगडांनी शस्त्र सुधारून घ्यावे. या टप्प्यावर लेव्हलपेक्षा शस्त्राची सुधारणा जास्त फायद्याची ठरते. पॅचेस नावाचा विक्रेता ‘मार्गिट्स शॅकल’ ही वस्तू विकतो, ती पूर्वार्धात त्याला काही क्षण जमिनीला जखडते. सहायक आत्मे बोलावण्याची सोय आहे, तिचाही निःसंकोच वापर करावा. तिला कमीपणा मानणारे खेळाडू भेटतात. त्यांचे म्हणणे मला पटत नाही, कारण ती सोय गेमच्या रचनाकारांनीच विचारपूर्वक दिलेली आहे.

प्रश्न : त्याच गेममध्ये भुयारांतील सांगाडे मारल्यावर पुन्हा उठतात. किती वेळा मारायचे? (नाशिक रोड)

उत्तर : दोनदा, पण वेळ साधून. सांगाडा कोसळल्यावर त्याची हाडे उजळू लागतात. त्याच वेळी त्यांच्यावर आणखी एक घाव घालावा, म्हणजे तो उठत नाही. पवित्र शक्तीचे शस्त्र असेल तर त्याचीही गरज उरत नाही. पुन्हा उठणारे शत्रू या प्रकारच्या खेळांत फार जुने आहेत. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळायच्या खेळातील ट्रोल या राक्षसाच्या जखमा आपोआप भरून येतात, आणि आग किंवा आम्ल वापरल्याशिवाय तो कायमचा मरत नाही.

प्रश्न : मी गंगापूर रोडला राहणारा निवृत्त शिक्षक आहे. नातवाचे गेम पाहून खेळावेसे वाटते, परंतु बोटे तितकी चपळ राहिलेली नाहीत. राक्षसांशी लढण्याचा आनंद मला मिळू शकेल का?

उत्तर : नक्की मिळेल, आणि तोही पुरेपूर. आपण पाळीपाळीने चालणारे गेम निवडावेत. २०२३ साली आलेला ‘बाल्डर्स गेट ३’ त्यांपैकी उत्तम आहे. त्यात आपली पाळी आली की गेम आपल्यासाठी थांबून राहतो, आणि आपण चहा संपवून निर्णय घेतला तरी चालते. बोटांच्या चपळाईला तेथे किंमत नाही, निरीक्षणाला आहे. शत्रूवर राइट क्लिक करून ‘एक्झॅमिन’ निवडले की त्याला कोणत्या प्रकारची इजा कमी होते आणि कोणत्या प्रकारची जास्त, हे दिसते. पाण्याची बाटली फेकून शत्रूला भिजवले तर वीज आणि थंडी यांची इजा त्याला दुप्पट होते. उंचावरून मारलेला बाण लागण्याची शक्यता वाढते. कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या गॉब्लिनला (बुटक्या राक्षसाला) तर नुसते ढकलले तरी पुरते. सुरुवातीला ‘एक्सप्लोरर’ ही सोपी पातळी घ्यावी आणि प्रत्येक लढाईपूर्वी गेम सेव्ह करावा. नातवाला शेजारी बसवून घेतलेत तर आणखी छान, मात्र पहिल्या काही लढायांत कोणावर कधी वार करायचा, हे आपण स्वतःच ठरवावे.