वाचकांचे प्रश्न : माँत्रोची आग आणि पाचगणीचा पियानो

प्रश्न : माझी मुलगी कर्वेनगरला गिटारच्या क्लासला जाते. तेथील बहुतेक मुले सर्वांत आधी डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ या गाण्याची सुरुवात वाजवायला शिकतात. त्या गाण्यातील आग खरोखर लागली होती काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : होय, लागली होती. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील कसिनोत अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापा यांचा कार्यक्रम रंगात आला असताना प्रेक्षकांतील कोणीतरी छताकडे फ्लेअर गन (इशाऱ्याची पेटती गोळी सोडणारे पिस्तूल) झाडली आणि इमारत जळून खाक झाली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. गाण्यातील ‘फंकी क्लॉड’ म्हणजे माँत्रो जॅझ महोत्सवाचे संस्थापक क्लॉड नोब्स. लोकांना बाहेर काढायला ते स्वतः धावले होते. गावालगतच्या तळ्यावर पसरलेला धूर डीप पर्पलने डोळ्यांनी पाहिला. शीर्षक मात्र त्यांचे बेसवादक रॉजर ग्लोव्हर यांना काही दिवसांनी झोपेतून उठता उठता सुचले.

आगीची ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. मला त्यापुढचे दिवस अधिक रंजक वाटतात. रोलिंग स्टोन्सची फिरती ध्वनिमुद्रण गाडी घेऊन डीप पर्पल याच कसिनोत अल्बम करायला आले होते. जागाच उरली नाही म्हटल्यावर त्यांनी जवळचे पॅव्हिलियन नावाचे नाट्यगृह गाठले. तेथे रात्री या गाण्याचे वादन चालू असताना आवाजाने हैराण झालेल्या शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले आणि वादन पुरे होईपर्यंत बँडच्या मदतनिसांनी दारे आतून दाबून धरली, असे सांगतात. (रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावरून होणारे तंटे पुणेकरांना नवे नाहीत!) शेवटी हिवाळ्यामुळे बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात, व्हरांड्यात गाद्या उभ्या करून, उरलेले काम झाले. वाजवलेले ऐकायचे तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत बाहेरच्या गाडीपर्यंत जावे लागे, तेव्हा वादकांनी ते ऐकायला जाणेच सोडून दिले. मार्च १९७२ मध्ये आलेल्या ‘मशीन हेड’ या अल्बममध्ये एका दमात वाजवल्याचा जो जोम आहे, त्याचे निम्मे श्रेय मी या गैरसोयीला देईन.

गंमत म्हणजे अल्बममधून आधी वेगळेच गाणे सिंगल (स्वतंत्र रेकॉर्ड) म्हणून काढले गेले. या गाण्याची पाळी अमेरिकेत १९७३ मध्ये आली. आपल्या मुलीला एवढे जरूर सांगावे की, बँडचे गिटारवादक रिची ब्लॅकमोर सुरुवातीची ही सुरावट एका तारेवर वाजवत नाहीत. दोन तारा बोटांनी एकदम छेडतात, पिकने नव्हे. क्लासमधल्या वाजवण्यात आणि रेकॉर्डमध्ये जो फरक कानाला जाणवतो, तो बराचसा यामुळे.

प्रश्न : क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकले, ही दंतकथा तर नव्हे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दंतकथा नव्हे. १९४६ मध्ये झांझिबारला पारशी कुटुंबात जन्मलेले फारोख बलसारा (फ्रेडी यांचे मूळ नाव) पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, वसतिगृहात राहून शिकले. तेथील मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये ते होते, परंतु मुख्य गायक दुसराच मुलगा होता; पुढे आवाजासाठी जगभर गाजलेले फारोख तेव्हा पियानोवर बसत.