बुणगे, कही आणि सडी स्वारी

उदगीरच्या एका वाचकाने विचारले आहे: "सभेत एका पुढाऱ्याने समोरच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना 'बाजारबुणगे' म्हटले. हा शब्द मुळात कुठला? बुणगे म्हणजे नक्की कोण? आणि एकट्या माणसाला बुणगा म्हणता येते का?"

शब्द फारसीतून आला. फारसीत 'बुनगाह' म्हणजे लष्कराचे सामानसुमान आणि ते ठेवण्याची जागा. मोगलांच्या फारसी कागदांत 'बहीर-ओ-बुनगाह' अशी जोडी भेटते. तिचा अर्थ लष्करामागे चालणारी माणसे आणि त्यांचे ओझे. मराठीत त्याचे 'बुणगा', 'बुणगे' झाले. बाजार हा त्याच बुणग्यांचा एक भाग, म्हणून 'बाजारबुणगे'. शब्दात मुळात शिवी नाही. फौजेचे दोन भाग करून बोलण्याची ती सोय होती: लढणारे एकीकडे, बुणगे दुसरीकडे.

बुणग्यांत कोण कोण असे ते पाहिले की शब्द उलगडतो. दाणा विकणारे वाणी आणि भुसारी, तेली, तांबोळी, नाल ठोकणारे नालबंद, खोगीर-लगाम दुरुस्त करणारे जीनगर, तलवारीला धार लावणारे शिकलगार, पाण्याचे पखालजी, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, रस्ता आणि खंदक खणणारे बेलदार, गवत कापून आणणारे, दळणारी बायामाणसे. शिवाय बैलांवर धान्य लादून तांडेच्या तांडे आणणारे लमाण, ज्यांचे तांडे आज मराठवाड्यात गावोगाव आहेत. त्यांच्या एका बैलावर साधारण सव्वाशे किलोची गोणी असे आणि बैलांची संख्या हजारांत. फौजेला सरकारी कोठारातून शिजलेले अन्न मिळत नसे. शिपायाच्या हातात रोजमुरा, म्हणजे खर्चाचे रोख पैसे, पडे आणि तो बाजारातून दाणा विकत घेई. बाजार आला नाही तर हातात पैसे असूनही उपास.

आता दळणाचेच घ्या. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडेने चिरते, परातीतून उचलता येत नाही. ज्वारी खाणाऱ्या फौजेला म्हणूनच चार दिवसांचे पीठ एकदम दळून पोत्यात भरून नेणे सोयीचे नव्हते. दाणा न्यायचा आणि मुक्कामावर रोज दळायचे. म्हणजे जाते हवे, ते वाहायला तट्टू हवे, दळायला माणूस हवे. एका भाकरीमागे एवढा बुणगा उभा राहतो.

घोड्याचा हिशेब याहून मोठा. दख्खनी घोड्याला दिवसाला सहा-सात किलो सुका चारा, वर दोन-तीन किलो हरभऱ्याची चंदी (घोड्याचा दाणा) आणि तीसेक लिटर पाणी धरा. १०,००० घोड्यांना रोज ३ लाख लिटर पाणी झाले. उन्हाळ्यात आपल्या गावात टँकर येतो, १०,००० लिटरचा. तसे ३० टँकर, तेही फक्त घोड्यांसाठी. माणसे, बैल, उंट, हत्ती वेगळेच. दीड-दोन किलोची पेंढी धरली तर कडब्याच्या रोज ४०,००० पेंढ्या लागतात. एका शिवारात एवढा चारा किती दिवस पुरणार? दोन-चार दिवसांत आसपास काही उरत नाही, फौजेला हलावे लागते. नाही हलली तर लांबलांबून चारा आणावा लागतो.

या लांबून चारा-सरपण आणण्याला शब्द आहे 'कही'. फारसीत 'काह' म्हणजे गवत, पेंढा. कहीला गेलेली टोळी म्हणजेही कहीच. जुन्या पत्रांत कही बंद झाल्याची तक्रार दिसली की समजावे, फौज अडचणीत आहे. शत्रू आधी छावणीवर हल्ला करत नाही, कहीवर करतो. गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या माणसाच्या हातात तलवार नसते. त्याच्या रक्षणाला स्वार पाठवावे तर त्यांचे घोडे दमतात आणि त्यांनाही चारा लागतो.

चारा आला तरी खाऊ घालण्याचे शास्त्र आहे, आणि ते मोतद्दाराला ठाऊक असे, सरदाराला नव्हे. मजल मारून आलेल्या घोड्याला आधी गार होऊ द्यायचे, मग पाणी, मग चंदी. चंदी खाऊन लगेच भरपूर पाणी प्यायला तर दाणा न पचताच पुढे सरकतो आणि पोटशूळ उठतो. चंदी तोबऱ्यात, म्हणजे घोड्याच्या तोंडाला अडकवायच्या पिशवीत, घालायची. तोबऱ्याचा पट्टा कानामागून असा घ्यायचा की घोड्याचे तोंड तळापर्यंत पोचेल. पट्टा सैल राहिला तर घोडा मान झटकतो आणि निम्मा हरभरा मातीत जातो. दाणा संपल्यावर तोबरा तसाच अडकवून ठेवायचा नाही, घोडा नाक फुरफुरत अस्वस्थ होतो. आज आपण तोंडात तंबाखूचा 'तोबरा' भरतो तो याच पिशवीवरून.

बुणग्यांच्या उलट शब्द 'सडा'. सडी फौज, सडी स्वारी म्हणजे ओझे मागे ठेवून निघालेली. बायको-पोरांची जबाबदारी नसलेल्याला आपण 'सडाफटिंग' म्हणतो, तिथे हा सडा अजून जिवंत आहे. सडे होणे म्हणजे नुसते तंबू टाकून जाणे नव्हे. घोड्यामागे एक-दोन दिवसांची चंदी, कमरेला शिदोरी, आणि पुढचा चारा वाटेतल्या शेतांतून. त्यामुळे सड्या स्वारीला हंगाम सांभाळावा लागतो. माघ-फाल्गुनात शाळू काढणीला येतो, कणसे आणि कडबा दोन्ही शिवारात असतात. त्या शेतकऱ्याचे काय होत असेल हे वेगळे सांगायला नको.

याचे मराठवाड्यातले ठळक उदाहरण वैजापूर तालुक्यातल्या पालखेडचे. फेब्रुवारी १७२८ मध्ये निजाम पुण्याकडून औरंगाबादच्या बचावाला धावला. वेगाने पोचायचे म्हणून अवजड तोफा मागे राहिल्या. म्हणजे तोही एका परीने सडा झाला, पण सड्या स्वारीची सवय नसलेली मोठी फौज घेऊन. २५ फेब्रुवारीला बाजीरावाने त्याला पालखेडजवळ घेरले आणि पाणी-दाणा तोडला. मोठी हातघाईची लढाई करावी लागलीच नाही. वर दिलेला ३० टँकरचा हिशेब लक्षात ठेवला तर का ते कळते. ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला.

तुमच्या उदगीरची गोष्ट उलटी. १७६० मध्ये निजामाची फौज तिथून औसा-धारूरच्या वाटेला लागली ती गोल बांधून, बुणगे मधे आणि लढणारे चहूबाजूंनी. यात बुणगे सुरक्षित राहतात, पण सगळ्या फौजेची चाल बैलाच्या चालीइतकी होते. सदाशिवरावभाऊंच्या स्वारांना भोवती राहून लचके तोडायला आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफांना नेम धरायला तेवढेच पुरले. ३ फेब्रुवारीला निकाल लागला. बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला, १० ऑगस्ट १७६३ रोजी, मराठ्यांनी गाठले तेव्हा पावसाळ्यातल्या गोदावरीने निजामाची फौज दोन काठांवर वाटली गेली होती. एवढे ओझे नदीपार न्यायला वेळ लागतो, आणि मागच्या काठावरचा निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच मारला गेला.

उदगीरनंतर तेच भाऊ मार्च १७६० मध्ये जालना जिल्ह्यातल्या परतूरहून उत्तरेला निघाले. बुणगे मागे ठेवून सडे व्हावे असा सल्ला त्यांना सुरजमल जाटाने दिल्याचे सांगतात. पानिपतावर कही बंद झाली, बाजारात दाणा मिळेना, घोडी मेली. तेव्हापासून 'बुणग्यांनी बुडवले' असा सूर मराठी लिखाणात पुन:पुन्हा लागतो आणि शब्दाला तुच्छतेची धार येत जाते. मला हा सूर अन्यायाचा वाटतो. बुणगे जड होते हे खरेच, पण त्यांना कुठे ठेवायचे, किती दिवस एका जागी अडकायचे हे पखालजी ठरवत नव्हता. आणि घेरलेल्या छावणीत आधी उपाशी राहिला तो तोच.

सभेतल्या वापराबद्दल: संख्या भरण्यासाठी जमवलेली, कामाला न येणारी माणसे म्हणायचे असेल तर नेहमीचा शब्द 'खोगीरभरती' आहे. तोही घोड्यावरूनच आला, खोगिरात भरायचा पेंढा-चिंध्यांचा माल. (तो नीट पसरून भरला नाही, गोळे राहिले, तर घोड्याची पाठ लागते आणि घोडा महिनाभर निकामी होतो. म्हणजे भरतीही फुकटची नसते.) 'बाजारबुणगे' हा शब्द आज हिणवण्यासाठीच ऐकू येतो, तो अर्थ रूढ आहे आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. इतिहासावर लिहिताना मात्र तो आजचा अर्थ जुन्या काळावर लादू नये.

एकवचनाचे म्हणाल तर 'बुणगा' बहुधा समूहवाचक आहे. 'बुणगा मागे ठेवला' म्हणजे सगळे सामान आणि सगळी माणसे. एकट्यासाठी त्याच्या कामाचे नाव होतेच: पखालजी, नालबंद, मोतद्दार, शिकलगार. लिहिताना तेच वापरावे.