डू नॉट कॉल यादीत नंबर असूनही रोबोकॉल का येतात

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या डू नॉट कॉल यादीत, म्हणजे विक्रीचे फोन नको असलेल्यांच्या सरकारी यादीत, तुमचा मोबाइल आणि सासूबाईंची लँडलाइन दोन्ही नोंदवून वर्ष झालं, तरी रेकॉर्ड केलेले फोन, म्हणजे रोबोकॉल, थांबत नाहीत. मग कायदा आहे कशाला, हा तुमचा प्रश्न. कायदा आहे, चांगला कडकही आहे, पण त्याच्या व्याख्यांमधून पळवाटा निघतात.

2003 पासूनची ती यादी फक्त विक्रीच्या फोनपुरती आहे. निवडणूक प्रचार, धर्मादाय संस्था, जनमत चाचण्या, कर्जवसुली हे तिच्यात येतच नाहीत. शिवाय एखाद्या कंपनीकडून काही विकत घेतलंत तर पुढचे 18 महिने, नुसती चौकशी केलीत तर 3 महिने, तिचा माणूस फोन करू शकतो. तुम्ही "फोन करू नका" असं स्पष्ट सांगितलंत की ही मुभा संपते.

रेकॉर्ड केलेल्या आवाजाला टीसीपीए हा 1991 चा, टेलिफोन ग्राहकांच्या संरक्षणाचा कायदा लागतो. मोबाइलवर असा आवाज वाजवायला आधी संमती हवी, प्रचाराचा फोन असला तरी. लँडलाइनवर मात्र प्रचारवाल्यांना आणि ना-नफा संस्थांना संमतीशिवाय 30 दिवसांत 3 फोन चालतात. सासूबाईंना निवडणुकीच्या दिवसांत जास्त त्रास होतो म्हणता, तो बराचसा यामुळे.

आता ऑटोडायलर, म्हणजे आपोआप नंबर फिरवणारं यंत्र. मोबाइलवर त्याने फोन करायलाही हाच कायदा संमती मागतो. 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेसबुकच्या खटल्यात ठरवलं की यंत्र नंबर यादृच्छिक किंवा ओळीने तयार करत असेल तरच तो ऑटोडायलर. तयार यादीतले नंबर भराभर फिरवणारी यंत्रणा त्यातून सुटली, आणि आज बहुतेकांकडे यादीच असते. रेकॉर्ड केलेल्या आवाजावरचं बंधन मात्र तसंच आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये एफसीसीने, म्हणजे दूरसंचाराचे नियम करणाऱ्या सरकारी आयोगाने, एआयने बनवलेला आवाजही त्यात धरला.

सगळ्यात मोठं भोक संमतीचं, आणि त्यात मी स्वतः पडलोय. विम्याचे दर बघायला एका साइटवर फॉर्म भरला. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू, तेही भलत्याच कंपन्यांचे. परत जाऊन तो फॉर्म बारकाईने पाहिला. "दर पाहा" या बटणाखाली फिकट राखाडी अक्षरांत एक वाक्य होतं: बटण दाबताच आमच्या "मार्केटिंग पार्टनर्स"ना स्वयंचलित फोन करायला तुमची संमती. त्या दोन शब्दांवर क्लिक केलं तर कंपन्यांची यादी उघडली, स्क्रोल करून बोट दुखलं. मी एका बटणाने त्या सगळ्यांना परवानगी देऊन बसलो होतो. एफसीसीने हे बुजवायला 'एका संमतीत एकच कंपनी' असा नियम केला होता, 27 जानेवारी 2025 पासून लागू व्हायचा होता. तीनच दिवस आधी अकराव्या सर्किटच्या (विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने तो रद्द केला. मला याचं फार वाईट वाटलं, कारण सामान्य माणसाच्या खरोखर उपयोगी पडेल असा नियम होता तो.

पण दिलेली संमती काढून घेता येते, आणि ते तुम्ही आजच करा. फोनवर किंवा मेसेजवर "स्टॉप" म्हणा. 10 कामकाजाच्या दिवसांत त्यांना थांबावंच लागतं. संमती कधी आणि कुठे दिली याचा पुरावाही मागा. संमती होती हे सिद्ध करणं त्यांच्याकडे लागतं, तुमच्याकडे नाही. बेकायदा फोनमागे 500 डॉलर, जाणूनबुजून केला असेल तर 1500 पर्यंत भरपाई मागता येते. स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, लोक स्वतः जाऊन दावा लावतात.

खोट्या नंबरावरून फोन करणाऱ्या ठगांना यातल्या कशानेच फरक पडत नाही, त्यांनी कायदा आधीच मोडलेला असतो. तिथे बोलूच नका, "काढून टाका" म्हणून बटणही दाबू नका. नंबर चालू आहे एवढंच त्यांना कळतं.

सासूबाईंच्या फोनशेजारी एक वही ठेवा. तारीख, वेळ, कंपनीचं नाव, आवाज रेकॉर्डचा होता की माणसाचा, एवढं प्रत्येक फोनला लिहायला सांगा. दावा लावायची वेळ आली तर ती वही लागेल.